नोट सरकवण्याआधी

चार आवाजांच्या कॉयरसाठी (गायकवृंदासाठी) मी संगणकावर पहिल्यांदा स्कोर, म्हणजे पाश्चात्य पद्धतीची स्वरलिपी, लिहिला, तेव्हा दोन अख्ख्या संध्याकाळी माउसने नोट्स ओढण्यात गेल्या. इथे शार्प (स्वर चढवणारी ♯ खूण) शेजारच्या नोटवर चढलेला, तिथे दोन नोटहेड (नोटचे गोल ठिपके) एकमेकांत अडकलेली. एकेक सरकवत पानं देखणी केली. तिसऱ्या दिवशी गाणं एक स्वर खाली घ्यायचं ठरलं. ट्रान्सपोज केलं, म्हणजे सगळे स्वर एकदम खाली उतरवले, आणि सगळं विस्कटलं, कारण हाताने दिलेली प्रत्येक सरक तशीच राहिली होती आणि ज्या शार्पसाठी ती दिली होती तो आता तिथे नव्हता.

तेव्हापासून मी स्वतःला आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: ही नोट इथे का बसली?

आधी एक समजून घ्या, हाफ नोट क्वार्टरच्या दुप्पट वेळ चालते, पण कागदावर तिला दुप्पट जागा मिळत नाही. साधारण दीडपट मिळते. त्याच हिशेबाने होल नोटला चौपट नव्हे, जेमतेम सव्वादोनपट. दुप्पट-चौपट जागा दिली तर लांब नोट्सभोवती ओसाड मैदान पडतं आणि वाचणाऱ्याची नजर अडखळते. हे माहीत नसल्यामुळे मी सुरुवातीला बरोबर असलेले बारही (दोन उभ्या रेघांमधले मात्रांचे कप्पे) 'सुधारत' होते. बारभर थांबायचा होल रेस्ट (विश्रामाची खूण) मधोमध असतो आणि होल नोट पहिल्या मात्रेवर असते, तीही चूक नव्हे.

आता खऱ्या चुकांकडे. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त घोळ व्हॉइसमुळे, म्हणजे एकाच स्टाफवर (पाच रेघांच्या पट्टीवर) लिहिलेल्या स्वतंत्र स्वरओळींमुळे होतो. एका स्टाफवर सोप्रानो आणि आल्टो (बायकांचा वरचा आणि खालचा आवाज) असतील तर सोप्रानो पहिल्या व्हॉइसमध्ये, नोटच्या दांड्या वर. आल्टो दुसऱ्या व्हॉइसमध्ये, दांड्या खाली. घाईत आल्टोच्या दोन नोट्स पहिल्या व्हॉइसमध्ये पडल्या की दांड्या उलट्या होतात, नको ते रेस्ट उगवतात, नोटहेड बाजूला ढकललं जातं. पाहणाऱ्याला ती जागेची अडचण वाटते. म्यूझस्कोर आणि सिबेलियस या स्वरलेखनाच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये नोट निवडली की रंग दिसतो, पहिला व्हॉइस निळा, दुसरा हिरवा. संशय आला की मी आधी रंग बघते. एक मात्र लक्षात ठेवा: दोन आवाजांत लागून असलेले स्वर, समजा सा आणि रे, एकत्र आले तर एक नोटहेड बाजूला सरकणारच. ते एकाखाली एक आणायचा प्रयत्न करू नका, वाचताच येणार नाहीत.

दुसरा स्टाफ बघितल्याशिवाय पहिल्याचा निकाल लावू नका. एकाच क्षणी वाजणाऱ्या नोट्स वरपासून खालपर्यंत एका रेषेत याव्यात, म्हणून खालच्या स्टाफवर सोळांश नोट्सची धावपळ असेल तर वरच्या संथ नोट्सही फाकतात. वर ट्रिपलेट (दोन नोट्सच्या वेळात तीन सारख्या नोट्स), खाली दोन सारख्या एट्थ नोट्स (क्वार्टरच्या निम्म्या) असं असेल, तर खालची दुसरी नोट ट्रिपलेटच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नोटच्या बरोबर मध्ये यायला हवी. ती भलत्याच नोटखाली दिसली तर लय लिहिण्यात चूक आहे. मला अशा तिरप्या रेषेनेच एकदा चुकीचा ट्रिपलेट सापडला होता.

गाण्याचे शब्दही जागा खातात. अख्खा शब्द एका नोटखाली कोंबला की पुढची नोट लांब ढकलली जाते. हायफन देऊन अक्षरं आपापल्या नोटखाली वाटली की बार आपोआप आवळतो. पियानो-फोर्टेच्या (हळू-जोरात गाण्याच्या) खुणा भरकटल्या असतील तर त्या कुठल्या नोटला जोडल्या आहेत ते तुटक रेषेवरून कळतं. चुकीच्या नोटला जोडलेली खूण ओढली की योग्य जागी दिसते खरी, पण लेआउट बदलला की ती जुन्या नोटबरोबर निघून जाते. पुसून योग्य नोटवर पुन्हा लिहा.

हे सगळं तपासून झालं की जुन्या सरकी काढून टाका. म्यूझस्कोरमध्ये नोट्स निवडून कंट्रोल-आर, सिबेलियसमध्ये नोट स्पेसिंगसाठी कंट्रोल-शिफ्ट-एन. सवयीने प्रत्येक ओळीत चार बार बसवू नका. गर्दीच्या ओळीत तीन, मोकळ्या ओळीत पाच बसू द्या. सक्तीचे ओळ-ब्रेक काढले की निम्मी दाटी जाते. तरीही पान भरगच्च वाटलं तर स्टाफचा आकार बघा. म्यूझस्कोरमध्ये दोन रेघांतलं अंतर मुळात १.७५ मिमी असतं, म्हणजे पूर्ण स्टाफ ७ मिमी. १.६ केलं तर तो ६.४ होतो, आणि बारना श्वास घ्यायला जागा मिळते. त्याहून लहान करताना मी कचरते, कारण वाचणाऱ्यांमध्ये चष्मेवालेही असतात.

हाताने सरकवणं अगदी शेवटी, शब्द आणि स्वर पक्के झाल्यावर. माझ्या अलीकडच्या स्कोरमध्ये अशा सरकी दोन-तीनच असतात, त्याही बहुधा टायचं (एकाच स्वराच्या दोन नोट्स जोडणाऱ्या कमानीचं) टोक एखाद्या शार्पला टेकतं तिथे. मग पान खऱ्या आकारात छापते, स्टँडवर ठेवते आणि हातभर मागे उभी राहून एकदा गाऊन बघते. जिथे माझी नजर अडते, तिथे पेन्सिलीने गोल करते.