कोतवाल बुकातली पटकी

हल्ली कोतवाल बुकं, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, उघडतात ती कुणबी नोंद शोधायला. मी उघडली पटकीसाठी, म्हणजे कॉलऱ्यासाठी. एम.ए.च्या प्रबंधाचा विषय एवढाच होता की आमच्या तालुक्यात कॉलऱ्यानं कोण मेलं, बाया की पुरुष, पोरं की म्हातारी.

आधी मोडी शिका. रेकॉर्ड रूममध्ये बस्ता सोडला की कारणाच्या रकान्यात एकदा 'पटकी' आणि खाली पानभर 'कित्ता, कित्ता', म्हणजे वरचंच पुन्हा. मी पहिल्या दिवशी कित्ते सोडून मोजलं आणि साथच गायब केली! नावात 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. वयावर फार विसंबू नका. सगळे 30, 40, 60 ला मरतात, एकतीस वर्षांचं कुणी सापडत नाही. म्हणून 25 ते 34, 35 ते 44 असे गट पाडा, गोल आकडा मधोमध राहील.

माझी मोठी चूक बेरजेची. वर्षभराचे बाया-पुरुष जवळपास सारखे आले, तर मी 'फरक नाही' लिहून मोकळी झाले. मॅडमनी कागद परत सरकवला, "आठवडे लाव."

लावले. एका घराच्या तीन ओळी आठवतात: आधी 'बिन', चार दिवसांनी त्याची 'कोम', मग 'मुलगी, वय 2'. जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरनं लंडनच्या कॉलऱ्याच्या साथींबद्दल 1855 मध्ये हेच मांडलं होतं. कामासाठी फिरणारे, ठिकठिकाणी खाणारे-पिणारे पुरुष सुरुवातीला जास्त सापडतात. साथ पसरली की ती घरात बसलेल्या बायांपर्यंतही पोचते, वर आजाऱ्याची उस्तवार त्यांच्याच गळ्यात. पण लंडनचा साचा जसाच्या तसा इथे बसवू नका. आषाढीला पंढरपूरला बायाही जातात, आणि पटकी वारीबरोबर गावोगाव परतायची.

तान्ह्यांचा आकडा कमी दिसेल. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात बाहेरचं पाणी कमी जातं, हे एक कारण. दुसरं, पोराची पटकी 'हगवण' म्हणूनही लिहिलेली असू शकते, तेव्हा साथीच्या आठवड्यांतली हगवण वेगळी मोजा. मुलींची नोंदच राहून गेली असेल, हीही शंका धरा.

आणि नुसत्या मृत्यूंवरून दर काढू नका. त्या वयाचे किती जण जिवंत होते, ते 1881 च्या खानेसुमारीतून, म्हणजे जनगणनेतून घ्या. तिथेही वयं गोलच आहेत.