जुन्या सायकलची रिम टायर उतरवूनच पारखावी

पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेली किंवा वाड्याच्या जिन्याखालून बाहेर काढलेली रॉड ब्रेकची (केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढला जाणारा ब्रेक असलेली) काळी सायकल पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर रंग आणि घंटी यांच्याआधी दोन्ही रिमा तपासाव्यात, आणि त्याही टायर, ट्यूब व ट्यूबखालची रिमची पट्टी पूर्णपणे उतरवून. तारांच्या भोकांतून शिरलेले पावसाचे पाणी पट्टीखाली साचते आणि बाहेरचा क्रोम चकचकीत असतानाच आतला पत्रा खाते. माझ्या वडिलांच्या सायकलची मागची रिम आरशासारखी दिसत होती. पट्टी काढताच तपकिरी पापुद्रे हातात आले आणि एका निपलच्या (तार रिमला धरणाऱ्या छोट्या नटाच्या) कडेला स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबले, तर ते आरपार गेले.

असे टोक प्रत्येक भोकाभोवती दाबून पाहावे. या सायकलींना बहुधा पुढे 32 आणि मागे 40 तारा असतात. त्यांतले एकही भोक सोडू नये. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने निघतो, पण पत्रा दबत असेल, भोक लांबट झाले असेल किंवा त्याच्या कडेपासून केसासारखी चीर गेली असेल, तर रिम बाद करावी. तिला चंदेरी रंग मारून विकणे मला अक्षम्य वाटते, कारण त्या रंगाखाली नेमकी चीरच झाकली जाते.

नंतर रिमची दोन टोके जिथे जुळतात त्या सांध्यावरून बोट फिरवावे. रॉड ब्रेकचे रबर रिमच्या हबकडील (चाकाच्या मध्याकडील) बाजूला टेकते, त्यामुळे तिथे उंचवटा असेल तर प्रत्येक फेऱ्याला ब्रेक धक्का देतो. चाकाचा आऊट काढण्याच्या, म्हणजे तारा कमी-जास्त ताणून चाक सरळ करण्याच्या, आदल्या रात्री गंजलेल्या निपलांत तेल सोडावे. काही तारा कमालीच्या ताणून आणि शेजारच्या सैल ठेवूनच चाक सरळ होत असेल, तर दोष तारांचा नसून रिमच वाकलेली आहे.

बदली रिम घेताना केवळ ‘28 इंच’ या शब्दावर विसंबू नये. 28 × 1½ टायर 635 मिलिमीटरच्या रिमवर बसतो, तर 28 इंच म्हणूनच ओळखला जाणारा 700सी मापाचा टायर 622 च्या. म्हणून टायरच्या कडेवर 40-635 हा आकडा वाचावा. नवी रिमही सपाट काचेवर ठेवून डुगडुगते का, ते पाहावे.

रिम उत्तम असली तरी ओल्या क्रोमवर रबर घसरते. पावसात कात्रजच्या उतारावर ब्रेक बराच आधी हलकेच धरून रिमवरचे पाणी पुसून घ्यावे आणि मगच पूर्ण दाबावा.