जळकी वाळू पुन्हा साच्यात आणायची तर

कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमध्ये, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांत, मी साच्याच्या वाळूचंच काम बघतो. मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "रिक्लेमेशनची मशीन केवढ्याला पडंल?" रिक्लेमेशन म्हणजे वापरलेली वाळू साफ करून पुन्हा वापरायजोगी करणं. मशीनचं कोटेशन शेवटी मागवा. आधी खरेदीचं रजिस्टर काढा. कणकवलीकडची सिलिका वाळू घाट चढून येते, वापरून झाली की पुन्हा गाडी लावून टाकायला जाते. आणायचं बिल खरेदीत, टाकायचं किरकोळ खर्चात. दोन्ही एका कागदावर मांडा. निम्मा निर्णय तिथंच होतो.

मग ढीग वेगळे करा. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे ओलसर वाळूत, बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी; नोबेकच्या, म्हणजे न भाजता रेझिननं घट्ट होणाऱ्या वाळूच्या, दाण्यावर रेझिन. शेकआउटखाली, म्हणजे साचा फोडून वाळू झाडतात तिथं, दोन्ही मिसळल्या की पुढं कुठलीच मशीन धड चालत नाही. हे फावडं मारणाऱ्याला समजावून सांगा, नुसता बोर्ड लावून भागत नाही.

नोबेकची वाळू घासून भागेल की भाजावी लागेल, हे ठरवताना एलओआय बघा, म्हणजे तापवल्यावर वाळूचं किती टक्के वजन जळून जातं ते. कोरडी वाळू तोला, साधारण 900 अंशाच्या मफल भट्टीत ठेवा, वजन उतरायचं थांबलं की थंड करून पुन्हा तोला. 50 ग्रॅमचे 48.5 भरले तर 3 टक्के जळालं. दाण्यावर रेझिन जास्त राहिलं की ओतताना गॅस सुटतो, कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे गॅसची भोकं, येतात.

आणि ब्लोहोल आले की शिव्या फोरमनला. खरी गाठ इथं आहे. बचत मालकाच्या खिशात, रिजेक्शन फोरमनच्या नावावर. मग तो नवीच वाळू मागणार, त्यात त्याचं काय चुकलं? चाचणी चालू असेपर्यंतचं रिजेक्शन त्याच्या हिशोबात धरायचं नाही, हे मालकानं सगळ्यांसमोर सांगावं. सुरुवातही बॅकिंग सँडपासून, म्हणजे साच्यात मागं भरायच्या वाळूपासून, करा. कोअरला (आतली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याला) आणि फेसिंगला (धातूला लागणाऱ्या थराला) तूर्त नवीच वापरा.

गाड्यांचे पार्ट ओतत असाल तर ग्राहकाला आधी कळवा, प्रोसेस बदलायला त्यांची मंजुरी लागते.

लहान फौंड्रीनं एकट्यानं वाळू भाजणाऱ्या थर्मल प्लांटच्या नादी लागू नये. चार-पाच जणांत मिळून परवडतो. पण मग वाळूची ग्रेड आणि रेझिन सगळ्यांचं जुळायला हवं, आणि ते जुळवणं भावकीतल्या बांधापेक्षा अवघड.

शेवटी धूळ उरतेच. पेव्हर ब्लॉकवाला फुकट नेतो म्हणाला तरी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आधी वाचा, मग गाडी भरा.