दोन भावांची कथा लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी अंकाकडे आलेल्या कथा चाळायचं काम मी काही वर्षं केलं. दोन भावांची कथा दुसऱ्याच पानावर ओळखू यायची. थोरला गावात, मातीत हात, सच्चा. धाकटा पुण्यात, बायकोच्या ताटाखालचं मांजर, जमीन विकायला टपलेला. हे उलटं केलं तरी फरक पडत नाही. दोघांचे स्वभाव आधीच वाटून झालेत, आता कुणाला काही ठरवायचंच उरलेलं नाही.

यावर उपाय एकच: दोघांनाही हवीशी वाटणारी एकच वस्तू मध्ये ठेवा आणि ती कोण कशाच्या बदल्यात सोडतो ते लिहा. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक पुन्हा वाचा. वडिलांच्या दिवसांना घर गोळा झालंय. थोरला भास्कर गावात राहिलाय. त्याच्याकडे कारभार आहे, पैसा नाही, दारात बंद ट्रॅक्टर गंजत पडलाय. सुधीर मुंबईचा, म्हणून सगळ्यांच्या लेखी पैसेवाला. खरं तर ओढाताणीत जगणारा नोकरदार. दोघंही थोडे आपमतलबी, दोघंही थोडे बरोबर. आणि मुकाट्याने राबणारा तिसरा भाऊ चंदू आहेच. दोन भावांच्या भांडणात एका तिसऱ्याला कुणी विचारत नाही, हे केवढं खरं आहे!

दुसरी चूक कागदाची, आणि ती मला जास्त खटकते. ‘थोरल्याने एका रात्रीत जमीन नावावर करून घेतली.’ कशी? वडील गेल्यावर वारसनोंद होते, फेरफार पडतो, सातबाऱ्यावर बहिणींचीही नावं लागतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्माने हक्क देणारी दुरुस्ती हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने 1994 सालीच केली, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. आजच्या काळातली कथा असेल, तर बहिणीला रक्षाबंधनापुरती आणून कसं चालेल? तिने हक्कसोडपत्र द्यायचं ठरवलं तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन अंगठा टेकवावा लागतो, फोटो काढावा लागतो. त्या खुर्चीत बसताना ती कुठल्या भावाकडे बघते? तुमची कथा तिथे असू शकते.

बोलण्याकडेही लक्ष द्या. मुंबईहून आलेला भाऊ ओसरीवर टेकला की पाच मिनिटांत गावच्या बोलीवर येतो. ऑफिसचा फोन वाजला की पुन्हा बदलतो. पानभर एकाच सुरात बोलणारा भाऊ खोटा वाटतो.

राहिला शेवट. थोरला अंथरुणावर, धाकटा पायाशी रडतोय. मीही हे लिहिलंय, आणि एका जाणत्या मित्राने ती दोन पानं फाडायला लावली. फाडल्यावर जे उरलं ते असं: तेराव्याच्या खर्चाची वही थोरल्याने पुढे सरकवली. पत्रावळी, गॅस दोन, भटजी. धाकट्याने फक्त खालची बेरीज बघितली आणि फोनवरून निम्मे पैसे पाठवले. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात थोरल्याचा फोन वाजला. तो उठला नाही. धाकटा म्हणाला, “दादा, आलेत का बघ.” दादा पत्रावळींचा हिशेब पुन्हा मांडत बसला.