गाडीची बॅटरी घरी चार्ज करताय? या चुका टाळा

घोडबंदर रोडला काय किंवा खारघर-नेरूळला काय, बऱ्याच घरांची गाडी आठवडाभर खाली उभीच असते. ऑफिसला लोकल, गाडी फक्त रविवारी. उभ्या गाडीतही अलार्म, सेंट्रल लॉकिंग आणि कुणी हौसेने बसवलेला डॅशकॅम थोडाथोडा करंट खात असतात. ५० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दिवसाला त्याचे १.२ अँपिअर-अवर (बॅटरीतली साठवण मोजायचं एकक) होतात, आणि छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी मुळात असते ३५ अँपिअर-अवरची. दोन आठवड्यांत ती निम्मी उतरते. पावसाळ्यात भर पडते ती वायपर, हेडलाइट आणि एसीची, तीही गाडी कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलांनी सरकत असताना. इंजिन आयडलवर असलं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, पुरेसं चार्जिंग देत नाही. मग एखाद्या सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक.

त्यामुळे हल्ली पुष्कळ जण छोटा चार्जर घरी आणून ठेवतात. चांगलं आहे. वेळेवर चार्ज केलेली बॅटरी जास्त टिकते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि नंतर तो निघत नाही. पण चार्जरच्या बॉक्समधलं माहितीपत्रक कुणी उघडत नाही, आणि काही चुका अशा आहेत की त्यांत डोळा जाऊ शकतो.

बटण चालू ठेवून क्लिप हलवणं

ही सगळ्यात घातक चूक आहे आणि सगळ्यात जास्त हीच दिसते. चार्जर लावला, काटा हलला नाही किंवा दिवा लागला नाही, की हात आपोआप क्लिपकडे जातो. जरा हलवून बघू, म्हणून. क्लिप हलली की ठिणगी उडते.

लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होत आली की आतल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एवढीशी ठिणगी पुरते. बॅटरी फुटते आणि सल्फ्युरिक ॲसिड सरळ तोंडावर येतं, कारण आपण त्या क्षणी बोनेटमध्ये वाकलेले असतो.

बंगल्यात बटण हाताशी असतं. आपल्या सोसायट्यांत गाडी खाली स्टिल्टमध्ये आणि बटण वर तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, खिडकीतून एक्स्टेंशन सोडलेलं. वर जायचा कंटाळा, म्हणून सगळं चालू ठेवूनच काम उरकलं जातं. आमच्या सोसायटीत एक काका असेच क्लिप हलवत होते.

"काका, हात काढा. आधी वर फोन करून बटण बंद करायला सांगा."

"अरे, मग परत चालू करायला परत फोन करू का?"

"हो, दर वेळी करा."

त्यांनी केला. क्लिप काढून पाहिली तर टर्मिनलवर पांढरी-हिरवट पावडर साचून कडक झाली होती. चार्जर ठीक होता, बॅटरी ठीक होती, क्लिप फक्त त्या पावडरीवर बसली होती. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासलं, ओल्या फडक्याने पुसून कोरडं केलं, आणि काटा लगेच वर गेला. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये, एवढंच सांभाळायचं.

खाडीकाठच्या दमट हवेत ही पावडर लवकर धरते. चार्जिंग होत नसेल तर चार्जरवर शंका घेण्याआधी टर्मिनल बघा.

क्रम असा ठेवा. इग्निशन, लाइट सगळं बंद. चार्जरचं बटण बंद आणि प्लग बाहेर. आधी प्लसची क्लिप बॅटरीच्या प्लसला. मग मायनसची क्लिप बॅटरीपासून लांब, इंजिन ब्लॉकच्या किंवा बॉडीच्या रंग नसलेल्या जाड धातूच्या भागाला. फ्युएल लाइनजवळ किंवा पातळ पत्र्याला नको. मग प्लग, शेवटी बटण. काढताना नेमकं उलटं: बटण, प्लग, मायनस, प्लस. मायनस लांब लावायचा तो यासाठी, की ठिणगी पडलीच तर गॅस साचतो तिथे पडू नये. दुसरंही कारण आहे. नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असतो. क्लिप थेट टर्मिनलला लावली तर किती चार्ज आत गेला याचा हिशेब गाडीला लागत नाही. बॅटरी गाडीतून बाहेर काढलेली असेल तर अर्थातच दोन्ही क्लिप टर्मिनललाच लागतात, तेव्हा बटणाचा नियम दुप्पट पाळा.

शक्य असेल तर स्वतःचं बटण असलेला एक्स्टेंशन बोर्ड गाडीजवळ, कोरड्या उंच जागी ठेवा. वरखाली फोन करायची वेळच येणार नाही.

वायरच्या रंगावर विश्वास ठेवणं

लाल म्हणजे प्लस हे कंपनीतून आलेल्या गाडीत खरं. पण मधल्या काळात एखाद्या इलेक्ट्रिशियनने हाताला लागली ती वायर टाकलेली असू शकते. बॅटरीवर कोरलेलं चिन्ह पुसून वाचा. चिन्ह दिसतच नसेल तर दोन्ही खांब नीट बघा, प्लसचा खांब मायनसपेक्षा जाड असतो. तरीही मनात शंका राहिली तर मल्टिमीटर लावा. क्लिप उलट लागल्या तर चांगला चार्जर स्वतःच थांबतो. स्वस्तातला चार्जर थांबला नाही तर फ्यूज जातो, किंवा गाडीचं महागडं इलेक्ट्रॉनिक्स.

हातातली अंगठी, कडं, बांगड्या, गळ्यातली लोंबती चेन काढून ठेवा. बॅटरी सोडवताना १० नंबरचा पाना प्लसला लागलेला असताना त्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं तर शेकडो अँपिअर वाहतात आणि अंगठी बोटातच लाल होते. म्हणून सोडवताना नेहमी मायनस आधी.

चुकीच्या जागी चार्जिंग

छोटा चार्जर २३० व्होल्टच्या बाजूने एक अँपिअरही घेत नाही, त्यामुळे वायर तापण्याची भीती फार नाही. भीती आहे ती जोडाची आणि पाण्याची. टेप गुंडाळलेला जोड, अर्थिंग नसलेला दोन पिनांचा बोर्ड आणि जुलैतलं ओलं पार्किंग एकत्र आले की बॅटरीपेक्षा शॉकचा धोका मोठा. बेसमेंटमध्ये पाणी झिरपत असेल तर तिथे चार्जर लावूच नका. आता बऱ्याच सोसायट्यांत इलेक्ट्रिक गाड्यांसाठी पार्किंगमध्ये पॉइंट दिले आहेत. कमिटीला विचारून तसा अर्थिंगचा पॉइंट वापरणं खिडकीतून वायर सोडण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. आणि तो पॉइंट ज्या सर्किटवर आहे त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का, हे वायरमनला विचारून घ्या.

बॅटरी घरात आणून चार्ज करणार असाल तर ती लिफ्टमध्ये उभीच धरा, आडवी नको. घरात स्वयंपाकघर, देवघर आणि बेडरूम तिन्ही टाळा. गॅसची शेगडी किंवा समई लागलेल्या खोलीत बॅटरी चार्ज करायची नाही, याला अपवाद नाही. काचा लावून बंद केलेली बाल्कनीही चालत नाही. हायड्रोजन हवेपेक्षा हलका असल्यामुळे तो छताशी साचतो. खिडक्या पूर्ण उघड्या ठेवा आणि मुलांना लांब ठेवा. चार्जर बॅटरीवर ठेवू नका. वायर पुरेल तेवढा दूर ठेवा.

जास्त करंट म्हणजे लवकर चार्ज, हा समज

साधा हिशेब: बॅटरी जितक्या अँपिअर-अवरची, त्याच्या दहाव्या भागाइतका करंट. ३५ अँपिअर-अवरला साडेतीन-चार अँपिअर, मोठ्या डिझेल गाडीच्या ६५ ला सहा-साडेसहा. जवळपास उतरलेल्या ३५ च्या बॅटरीला चार अँपिअरवर नऊ-दहा तास लागतात, आणि ते लागू द्यावेत. ऑटो-कट नसलेला, म्हणजे बॅटरी भरल्यावर आपोआप न थांबणारा, जुन्या पद्धतीचा चार्जर असेल तर रात्री लावून झोपू नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी लावा आणि अधूनमधून जाऊन बघा.

याच कारणासाठी घरच्या इन्व्हर्टरच्या वायर गाडीच्या बॅटरीला जोडणं चुकीचं आहे. तो १५० अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर बॅटरीसाठी बनलेला आहे आणि दहा-पंधरा अँपिअर सहज ढकलतो. तसंच, कारच्या सेटिंगवर स्कूटरची ३ ते ५ अँपिअर-अवरची बॅटरी लावू नका. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या स्टार्ट-स्टॉप गाडीत ईएफबी किंवा एजीएम या वेगळ्या प्रकारची बॅटरी असते. लेबल वाचून चार्जरवर तोच मोड निवडा. लिथियम बॅटरीला लेड-ॲसिडचा चार्जर नकोच.

पाणी घालायच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर भरा. आधी भरलं तर चार्ज होताना पातळी वाढून ॲसिड बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच त्या बुडतील इतपत आधी घाला.

ताबडतोब थांबायचं कधी

बॅटरी हाताला चटका बसण्याइतकी तापली, बाजू फुगली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, की बॅटरीजवळ न जाता बटण बंद करा. क्लिपला हात लावू नका, बोनेट उघडं राहू द्या आणि ती पूर्ण गार होईपर्यंत थांबा. फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही.

डोळ्यात ॲसिडचा थेंब गेला तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरा, लेन्स असेल तर काढा आणि थेट हॉस्पिटल गाठा. सोडा डोळ्यात घालू नका, तो फरशीवर सांडलेल्या ॲसिडसाठी. साधा प्लास्टिकचा गॉगल लावून काम केलं तर ही वेळच येत नाही.

चार्ज केली, तरी गाडी सुरू होत नाही

चार्जर काढल्या काढल्या मल्टिमीटर लावू नका, आकडा फसवा येतो. काही तास थांबा, मग मोजा. १२.६ व्होल्ट किंवा थोडं वर म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रात्री १२.६ आणि सकाळी १०.५ व्होल्ट दिसलं तर सहापैकी एक सेल गेला, कारण प्रत्येक सेल दोन व्होल्टच्या आसपास देतो. अशा बॅटरीला कितीही चार्ज केलं तरी उपयोग नाही.

आकडा टिकतो, पण चार दिवसांनी पुन्हा तीच रड, असं असेल तर इंजिन चालू ठेवून मोजा. १३.८ ते १४.५ आलं तर अल्टरनेटर बहुधा ठीक आहे. आधी डॅशकॅम काढून बघा, नाहीतर इलेक्ट्रिशियनकडून उभ्या गाडीचा करंट मोजून घ्या. आकडा १३.८ हून बरंच कमी आला तर दोष चार्जिंग सिस्टीममध्ये आहे.

ऑटोमॅटिक चार्जर सुरूच होत नसेल तर बॅटरी इतकी खाली गेलेली असू शकते की चार्जरला ती जोडलेली आहे हेच कळत नाही. तिला दुसरी बॅटरी जोडून चार्जरला फसवण्याचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून घ्या. बाद निघाली तर जुनी बॅटरी तिथेच द्या: २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही, आणि नवी घेताना बहुतेक दुकानदार तिचे पैसे वळते करून देतात.