कोकणातल्या घराला बाहेरून रंग देताय? बजेट करताना या चुका टाळा

कोकणातल्या घराचा बाहेरचा रंग पाण्याने जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि वाऱ्याबरोबर आडवा. वर समुद्राची खारी हवा आहेच. तरी घरोघरी बजेट बसतं ते रंगाच्या डब्यांचं: कंपनी कुठली, शेड कुठला, लिटरला किती. भिंत धुणं, घासणं, भेगा भरणं, पन्हळ बदलणं यांचे पैसे कागदावर येतच नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पोपडे सुटले की दोष मात्र रंगाला. माझं म्हणणं सरळ आहे: आधी पाण्यासाठी पैसे बाजूला काढा, उरतील त्यात रंग बसवा.

गणपतीआधी बाहेरून रंग द्यायचा हट्ट

चाकरमानी गावी येणार, घर उजळलेलं दिसायला हवं, म्हणून श्रावणात पेंटर बोलावला जातो. या दिवसांत भिंतीने दोन महिने पाणी प्यायलेलं असतं. दोन दिवस उघडीप मिळाली तरी वरचा थर तेवढा सुकतो, आत ओल तशीच असते. त्यावर रंग बसला की ऊन पडल्यावर आतलं पाणी वाफ होऊन बाहेर यायला बघतं आणि रंगाला फुगे येतात. हे पैसे अक्षरशः पागोळ्यांबरोबर जातात.

गणपतीसाठी काही करायचंच असेल तर आतली ओटी, माजघर आणि जिथे झड पोहोचत नाही तेवढी पडवीची भिंत करून घ्या, तीही कोरडी असेल तरच. बाहेरचं काम परतीचा पाऊस पूर्ण गेल्यावर, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत धरा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी भिंतीवर दंव असतं, तेव्हा ऊन चढल्याशिवाय ब्रश लावू देऊ नका. एप्रिल-मे वर ढकलाल तर दोन अडचणी येतात. आंब्याच्या हंगामात माणसं बागांकडे वळतात, त्यामुळे मजूर मिळणं कठीण आणि मिळाला तर महाग. दुसरी अडचण पाण्याची. भिंती धुवायला, गिलाव्यावर मारायला पाणी भरपूर लागतं आणि तेव्हाच विहिरी तळाला गेलेल्या असतात. खाडीकाठच्या विहिरी तर मचूळ होतात. मचूळ पाणी सिमेंटमध्ये किंवा रंगात घातलं तर मीठ आपण आपल्या हाताने भिंतीत भरतो. टँकर लागणार असेल तर तो बजेटात लिहा.

अंदाजपंचे माप

‘चार खोल्यांचं घर, पंचवीस-तीस लिटर लागेल’ असं माप चालत नाही. टेप घ्या. समजा घर ४० बाय ३० फूट आहे आणि भिंतीची उंची ११ फूट. घेर १४० फूट, म्हणजे १,५४० चौरस फूट. कौलारू घराला दोन बाजूंना वरचे त्रिकोण असतात, ते हमखास विसरले जातात. ३० फूट रुंद आणि मधोमध ८ फूट उंच असा एक त्रिकोण १२० चौरस फुटांचा, दोन मिळून २४०. झाले १,७८०. दारं-खिडक्यांचे १८० वजा केले की १,६०० उरतात, म्हणजे १६ ब्रास (शंभर चौरस फुटांचा एक ब्रास).

आता डबे. चांगला बाहेरचा इमल्शन (पाण्यात मिसळायचा तयार रंग) दोन हातांना लिटरमागे पन्नास-साठ चौरस फूट जातो, पण ते गुळगुळीत भिंतीवर. आपल्याकडे बाहेरचा गिलावा बहुधा खरखरीत असतो, तो रंग पितो. तिथे लिटरमागे ४० धरा. म्हणजे १,६०० ला ४० लिटर, वीस-वीसचे दोन डबे. प्रायमर खरखरीत भिंतीला साधारण २० लिटर. छज्जे, पडवीचे खांब, तुळशी वृंदावन वेगळे मोजा. कंत्राटदार दारं-खिडक्या वजा करतो की नाही, हे दर ठरवण्याआधी विचारा. काही जण करत नाहीत. ती पद्धत असू शकते, पण ती आपल्याला आधी माहीत हवी.

चारही भिंतींना सारखाच खर्च

पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत झड खाते. उत्तरेच्या भिंतीला ऊन कमी, म्हणून शेवाळ तिथे आधी धरतं. पूर्वेची भिंत त्या मानाने सुखी असते. पैसे कमी असतील तर चारही बाजूंना मध्यम काम करण्यापेक्षा पश्चिमेच्या भिंतीचं काम पूर्ण करा: भेगा भरून, प्रायमर मारून, रंगाचे दोनाऐवजी तीन हात. पूर्वेची भिंत नुसती धुऊन एक हात मारला तरी वर्ष-दोन वर्षं ओढते. शेड तोच ठेवा म्हणजे फरक दिसत नाही. पावसाळ्यात पश्चिमेला झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) किंवा शेडनेट बांधायची जुनी सवय सोडू नका. दरवर्षीचा तो थोडा खर्च रंगाचं आयुष्य वाढवतो.

छप्पर आणि जोतं तसंच ठेवून भिंत रंगवणं

फुटलेलं कौल, गळकी पन्हळ, छज्ज्यावर साचणारं पाणी हे रंगाच्या आधी. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्याकडे बऱ्याच घरांची कौलं जाऊन पत्रे आले. पत्रा भिंतीच्या बाहेर पुरेसा काढलेला नसेल तर पूर्वी कोरडी राहणारी भिंत आता भिजते. तिथे कितीही भारी रंग मारा, टिकणार नाही. आधी पत्रा वाढवा किंवा पन्हळ लावा.

जोत्याजवळ तर रोजची लढाई असते. पागोळ्यांचं पाणी अंगणात आपटून लाल माती दीड-दोन फुटांपर्यंत उडते. त्या पट्ट्याला पांढरा किंवा क्रीम रंग देणं म्हणजे पैसे वाया. खाली गेरूसारखा गडद पट्टा ठेवा आणि पागोळ्या पडतात तिथे खडी टाका. पन्हळ बसवलीत तर शिंतोडेच बंद होतील.

पोपडा हातात न घेता रंगावर रंग

दर ठरवण्याआधी पेंटरसोबत घराभोवती एक फेरी मारा आणि सुटलेला एक पोपडा नखाने काढून उलटा करून बघा. मागे पांढरी भुकटी आणि भिंतीवर मिठासारखी फुलं दिसली तर तो लोणा. पाणी आतून येतंय, ते कुठून येतं हे शोधल्याशिवाय रंग नको. मागे ओलसर गिलावा चिकटून आला असेल तर गिलावाच सुटलाय, तो भाग फोडून नवा करावा लागेल. मागे जुन्या चुन्याचा पातळ थर असेल तर चुन्यावर थेट इमल्शन मारलेलं आहे. चुना भिंतीला घट्ट धरत नाही, तो सुटताना वरचा रंगही घेऊन जातो. अशा भिंतीचा चुना पूर्ण खरवडावा लागतो आणि त्या मजुरीचा आकडा बघून अनेक जण तिथेच हात आखडता घेतात. आखडू नका. इथे वाचवलेला रुपया पुढच्या रंगाच्या वेळी दुपटीने जातो.

तळहात भिंतीवरून फिरवा. हाताला खडूसारखी पूड आली तर जुना रंग मेलाय, घासून, धुऊन, प्रायमर मारूनच पुढे जायचं. ओल आहे का याची शंका असेल तर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून थेंब धरले असतील तर थांबा. नव्या गिलाव्यालाही महिनाभर तरी सुकू द्या. बाहेर भिंतभर पुट्टी लावायची तर बाहेरचीच, सिमेंटची. आतली पुट्टी पावसात फुगते. माझ्या मते खरखरीत भिंतीला पुट्टी लागतच नाही, भेगा आणि खड्डे भरले तरी पुरे.

शेवाळ नुसतं घासून टाकणं

काळं-हिरवं शेवाळ तारेच्या ब्रशने घासलं की भिंत स्वच्छ दिसते, पण त्याचे बारीक अंश गिलाव्याच्या छिद्रांत राहतात आणि रंगाखालून परत येतात. आधी ओलं करून घासा, मग ब्लीचिंग पावडरचं पाणी किंवा शेवाळनाशक औषध लावून डब्यावर लिहिलेला वेळ ठेवा. नंतर गोड्या पाण्याने धुवा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात सुकू द्या. काही जण अ‍ॅसिड वापरतात. ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू सुटतो. हातमोजे आणि चष्मा पेंटरला तुम्ही आणून द्या. धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा माडाच्या आळ्यात जाणार नाही हेही बघा.

उघड्या चिऱ्याला रंग

ही हौस अलीकडे वाढली आहे. चिरा म्हणजे जांभा दगड. तो सच्छिद्र असतो, खालून-वरून पाणी घेतो आणि बाहेर सोडतो. त्यावर इमल्शनचा पडदा चढवला की पाणी कोंडतं आणि रंग सोलून निघतो. शिवाय खड्ड्या-खड्ड्यांत रंग भरताना हिशोबाच्या दुप्पट डबे जातात. चिरा आहे तसा सुंदर दिसतो, तो झाकू नका. चिऱ्यांमधल्या दरजा भरून घ्या आणि फारच पाणी पीत असेल तर सिलिकॉनवर आधारित पारदर्शक द्रावण मारा.

लिटरचा भाव बघून रंग घेणं

हिशोब डब्याचा नको, पावसाळ्याचा करा. समजायला आकडे घेतो, तुमच्या बाजारातले भाव घाला. धुणं, घासणं, परांची, मजुरी मिळून ३०,००० रुपये. रंग कुठलाही घ्या, हा खर्च सुटत नाही. स्वस्त रंग लिटरला २०० प्रमाणे ४० लिटरचे ८,०००, एकूण ३८,०००. भारी रंग ४०० प्रमाणे १६,०००, एकूण ४६,०००. स्वस्त दोन पावसाळे टिकला तर पावसाळ्यामागे १९,००० पडले. भारी चार टिकला तर ११,५००. मात्र भारी रंग चार पावसाळे काढतो तो खालची भिंत तयार असेल तरच.

सिमेंट पेंटला नावं ठेवायचं कारण नाही. कोऱ्या गिलाव्यावर, नीट पाणी मारून केलेला सिमेंट पेंट कमी पैशांत चांगलं काम देतो. जुन्या इमल्शनवर मात्र तो धरत नाही.

तोंडी कंत्राट

‘मटेरियलसकट एवढे’ हे वाक्य कागदावर उतरवा: धुणं आणि खरवडणं आहे का, प्रायमरचे किती हात, रंगाचे किती, रंगाचं पूर्ण नाव, परांची कोणाची, लोखंड-लाकूड धरलंय का, कर दरात आहे की वर. पैसे टप्प्याने द्या. थोडे उचल म्हणून, काही प्रायमर झाल्यावर, काही पहिल्या हातानंतर, आणि दहा टक्के तरी सगळी साफसफाई होईपर्यंत हातात ठेवा. मालक मुंबईत आणि काम गावी असेल तर सीलबंद डबे घरच्या माणसासमोर फोडायचे आणि रिकामे डबे शेवटपर्यंत ठेवायचे, असं आधीच सांगा. डबे मोजले की ४० लिटर भिंतीवर गेले का ते कळतं. रंगात पाणी डब्यावरच्या प्रमाणात, मापाने घालायला सांगा. मगाने अंदाजे घातलेलं पाणी हे रंग लवकर उडण्याचं मोठं कारण आहे.

एकूण आकड्यावर पंधरा टक्के जास्त धरून ठेवा. खरवडायला सुरुवात केली की सुटलेला गिलावा आणि कुजलेली वाशांची टोकं तेव्हाच दिसतात.

लोखंडी ग्रिल आणि गेट यांचं बजेट वेगळं. समुद्राजवळ त्यावर मिठाचा थर असतो, तो आधी गोड्या पाण्याने धुवा, सुकल्यावर गंज घासून त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारा. रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी परत तांबूस झालेलं असतं.

शेडचा नंबर, डब्यावरचं बॅच आणि दुकानाचं बिल एका कागदावर लिहून कपाटात ठेवा. उरलेला लिटरभर रंग घट्ट झाकून सावलीत ठेवा आणि पुढच्या वर्षी परतीचा पाऊस गेल्यावर पश्चिमेच्या भिंतीवर जिथे भेग उघडली असेल तिथे तो वापरा.