शेततळ्यात मासे सोडताय? या चुका टाळा

शेततळं खोदलंय डाळिंबासाठी, पाणी नुसतं पडूनच आहे, तर टाकू मासे, असं म्हणत दर पावसाळ्यात नवीन मंडळी यात उतरतात आणि दर पावसाळ्यात चुका मात्र त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की त्यांना भूक लागलीय असं समजणं. अहो, ते खायला नाही, श्वास घ्यायला आलेत! आमच्या शेजारच्या गावात एकाचं असंच झालं. श्रावणात झड लागलेली, चार दिवस ऊन नाही, पाणी पालकाच्या रसासारखं हिरवंगार, आणि हा गडी खूश की पाणी काय मस्त तयार झालंय. पहाटे सगळे मासे वर दिसले तर यानं काय करावं, पेंड आणि कोंडा असा घमेलाभर ओतला. तो तळाशी कुजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कडेला कटला मासे उलटे, तेही सगळ्यात मोठे. मग ओरड सुरू, कुणीतरी विष टाकलं, पोलिसात जातो. म्हटलं थांब, विष असतं तर बारके-मोठे सगळेच गेले असते, बेडूकसुद्धा. मोठाच माल आधी गेला ना? मग ऑक्सिजन संपलाय.

होतं असं की पाणी हिरवं करणारं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं पण रात्री तेच माशांच्या वाट्याचा ओढतं, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. त्यात ढगाळ हवा आली की दिवसाची भरपाईच होत नाही. म्हणून संध्याकाळी तळ्यावर जाऊन फोटो काढण्यापेक्षा पहाटे जा. मासे वर दिसले की खाद आणि खत म्हणून टाकतो ते शेण दोन्ही बंद, मोटर लावून तळ्यातलंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा. बोअरचं पाणी सोडणार असाल तर तेही असंच पाडा, पाइप थेट तळाला नको, कारण त्या पाण्यात मुळात ऑक्सिजन फार कमी असतो. माझी सवय सांगतो, हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायचा, तळवा दिसेना झाला की खत बंद. ऑक्सिजन मोजायचा मीटर-बिटर नंतर घ्या.

दुसरी चूक म्हणजे हाव. कटला, रोहू, मृगळ मिळून हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) पुरे, म्हणजे ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात साडेचारशे ते नऊशे. लोक पाच हजार टाकतात, वर एरिएटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नाही, आणि वर्षानं विचारतात मासा बोटाएवढाच का राहिला! त्यात स्वस्त पडतं म्हणून जिरे, म्हणजे बोटुकलीच्याही आधीची अगदी बारीक पिल्लं, आणतात. बाबांनो, जिरे वाढवणं हे वेगळं काम आहे, बोटुकलीच घ्या, दोन पैसे जास्त द्या.

बोटुकलीची पिशवी आणली की लगेच फोडू नका, पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगू द्या, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घालून सोडा. एवढा धीर नसेल तर कोंबड्या पाळा.

थाई मांगूर हा परदेशी मासा कुणी कितीही गळ्यात मारला तरी घेऊ नका, त्याच्या पालनावर बंदी आहे.

थंडीत पाणी गार पडलं की मासा फारसा खात नाही, तरी लोक खादीचं पावसाळ्यातलंच माप चालू ठेवतात. निम्मं करा, तेही दुपारी, ऊन लागल्यावर. आणि हिवाळ्यात उगाच जाळं मारून मासे खवळवू नका, खवलं निघाली की तिथूनच लाल चट्टे सुरू होतात.

उन्हाळ्याचं मात्र आधीच ठरवा. बागेला पाणी द्यायचंच आहे, मग तळं कमरेपर्यंत येईपर्यंत वाट कशाला बघता? पाणी दीड मीटरच्या खाली जायच्या आत मोठा माल काढून विका. एप्रिलमध्ये उरलेल्या गरम पाण्यात सगळे मासे कोंबून ठेवायचे आणि व्यापाऱ्यानं भाव पाडला म्हणून रडायचं, हे दरवर्षीचं झालंय.